श्याम मुळात व्रात्यच होता की! ('श्यामची आई' सोसायटीतल्या मुलांना दाखवायचा आहे)

कोलशेतची_आई | २ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. ठाण्यात कोलशेतला आमची सोसायटी आहे. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत क्लबहाउसमध्ये मुलांना एक सिनेमा दाखवतात. यंदा निवड माझ्याकडे आली. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस, म्हणून मी आचार्य अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' सुचवला. ग्रुपवर लगेच विचारणा झाली, "तो रडका सिनेमा ना?" पाठोपाठ दुसरी, "ब्लॅक अँड व्हाइट? मुलं दहा मिनिटांत उठतील."

खरी पंचाईत घरात झाली. माझा लेक चौथीत आहे. त्याने विचारलं, "त्यात काय होतं?" मी म्हटलं, "एक श्याम असतो, त्याची आई त्याला खूप चांगलं वळण लावते, आणि मग..." "मग काय?" "मग ती जाते." "मला नाही बघायचा," म्हणाला आणि खाली खेळायला पळाला.

त्या रात्री मी एकटीनेच सिनेमा लावला. शाळेत असताना पाहिला होता, त्यानंतर आत्ताच. आणि मला भलताच मुलगा दिसला. हा श्याम पोहायच्या भीतीने लपून बसतो, हट्ट करतो, आईशी हुज्जत घालतो, अंघोळ झाल्यावर तळवे मळू नयेत म्हणून तिला लुगडं दगडावर पसरायला लावतो! कोकणातल्या खेड्यातलं एक व्रात्य, लाडावलेलं पोर. आपण इतकी वर्षं फक्त आईचे डोळे लक्षात ठेवले आणि हे पोर विसरून गेलो. लेकाला मी गोष्ट चुकीच्या टोकाकडून सांगितली.

तर विचारायचं असं की आजच्या सात ते बारा वर्षांच्या मुलांना हा सिनेमा कुणी दाखवलाय का? सलग अडीच तास बसतात का? आणि शेवटाचं काय करायचं?

नौपाडाकर | २ डिसेंबर, रात्री १०.५८

दाखवाच. कमिटीला मी समजावतो, पत्ता द्या.

चरईतला_जुना | २ डिसेंबर, रात्री ११.३०

आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा तेव्हा त्या खोलीत आम्ही तीस-पस्तीस जण. लहान पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दारात. 'श्यामची आई' लागला त्या दिवशीचं मला रडणं आठवत नाही. आठवतं ते हे, की श्यामला मार बसायला लागला तसा आमच्यातल्या सगळ्यात मस्तीखोर पोराने दोन्ही हातांनी स्वतःची पाठ झाकून घेतली. अख्खी खोली हसली. त्याची आईसुद्धा.

तेव्हा ताईंचं म्हणणं बरोबर आहे. आधी हसलो होतो आम्ही.

मृद्गंध | ३ डिसेंबर, सकाळी ८.०५

'व्रात्य' हा शब्द मला पटला नाही. व्रात्य म्हणजे दुसऱ्याच्या खोड्या काढणारा. श्याम हळवा आहे, भित्रा आहे, हट्टी आहे, पण कुणाला त्रास देत नाही. त्याला खोडकर म्हणून विकायचं म्हणजे मुलांना फसवणं. ती गंमत बघायला येतील आणि समोर वेगळंच काही येईल.

दापोलीकर_ऐरोलीत | ३ डिसेंबर, सकाळी ९.२०

मृद्गंध, पुस्तक परत काढा एकदा :)

मी पालगडच्या जवळचा. साने गुरुजींचं ते गाव, १८९९ चा त्यांचा जन्म. नोकरीमुळे आता ऐरोलीत आहे. पुस्तकातला श्याम काय काय करतो ते बघा. पाहुण्यांचे पैसे चोरतो, आणि तेही पुस्तक घेऊन मोठा माणूस होण्यासाठी. तीर्थयात्रेला म्हणून पळून जातो. केस वाढवून घरी येतो आणि वडिलांची बोलणी खातो. त्यावर आईचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: एखादी गोष्ट आईबापांना आवडत नाही एवढ्यासाठी ती सोडणं तुला जड जावं का? आमच्या घरी परवाच कानाच्या वर वस्तरा मारून एक जण आलाय, त्यामुळे हा प्रसंग मला जवळचा.

आता पोहण्याचं. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरल्या की पोरांना पोहायला शिकवायचे. कमरेला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं आणि द्यायचं ढकलून. मीही लपलो होतो. श्याम माळ्यावर लपला, मी गुरांच्या वाड्यात गवताच्या मागे. मला काकाने शोधलं, त्याला आईने. फरक एवढाच की माझ्या काकाने नंतर दही दिलं नाही.

वाशीवाली | ३ डिसेंबर, सकाळी ९.४१

दही! मला त्या प्रसंगातलं दहीच आठवतं. मार मार मारते आणि पोहून आल्यावर दही काढून देते, डोळ्यांत पाणी.

घणसोलीचा_बाबा | ३ डिसेंबर, दुपारी १.१५

मला इथेच अडचण आहे. शिंपटीने मारते ती त्याला, वळ उठेपर्यंत. आम्ही दोघांनी मुलीवर हात उगारायचा नाही असं ठरवलंय आणि सहा वर्षं पाळलंय. माझं लहानपण मार खाण्यात गेलं, आणि मारणारा प्रत्येक जण "तुझ्या भल्यासाठी" म्हणायचा. ज्या सिनेमात मारणारी आई हीच सगळ्यात प्रेमळ आई आहे तो मी मुलीला का दाखवू? तिला काय कळेल त्यातून? प्रेम आहे म्हणजे मार चालतो?

भांडायला लिहीत नाहीये. मनापासून विचारतोय.

नेरूळची_बाई | ३ डिसेंबर, संध्याकाळी ७.५०

घणसोलीचे बाबा, मी प्राथमिक शिक्षिका. बावीस वर्षं झाली. तुमचा प्रश्न वर्गात मुलंच विचारतात, त्यामुळे टाळता येत नाही.

याच सिनेमातलं वसंत बापटांचं 'छडी लागे छमछम' आम्ही गॅदरिंगला बसवतो. मुलं हातात कागदाची छडी घेऊन नाचतात. एका वर्षी दुसरीतल्या मुलीने विचारलं, "बाई, खरंच छडी मारायचे?" मी सांगितलं, हो, मारायचे, मलाही मारली आहे. आता कायद्यानेच बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई आहे. ती म्हणाली, "मग गाणं का म्हणायचं?" तर दुसरा एक म्हणाला, "कारण मास्तर नसताना म्हणतात ते!" गाण्याचं मर्म त्याला माझ्या आधी कळलं होतं.

माझं मत असं आहे की मार दाखवावा आणि तिथेच बोलावं. "आईचं काय चुकलं?" असं विचारलं की मुलं भराभर बोलतात. "आईला कसली भीती वाटत होती?" असं विचारलं की गप्प होतात, विचार करतात. आपल्या मुलाला लोक भित्रा म्हणतील हे तिला सहन होत नाही. मुलांना यातलं बरंच समजतं. समजलं म्हणजे पटलं असं नाही, आणि तसं त्यांना सांगावंही.

खुद्द अत्रे शिक्षक होते, पुण्यात मुख्याध्यापक होते, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' काढली त्यांनी. सिनेमातली शाळेची दृश्यं बघताना वर्गात उभं राहिलेल्या माणसाने ती घेतली आहेत हे जाणवतं.

घणसोलीचा_बाबा | ३ डिसेंबर, रात्री ८.१०

बाई, धन्यवाद. अजून पूर्ण पटलं नाही, पण "आईला कसली भीती वाटत होती" हा प्रश्न डोक्यात राहील.

लोकलमधली_भजनी | ३ डिसेंबर, रात्री ९.३०

अवांतर आहे, पण गाण्यांवर कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. वसंत देसाईंचं संगीत. 'भरजरी गं पीतांबर दिला फाडून' अत्र्यांनी लिहिलं, आशाताईंनी गायलं. कृष्णाचं बोट कापतं, सख्खी बहीण सुभद्रा चिंधी द्यायला का कू करते आणि द्रौपदी अंगावरचा भरजरी पीतांबर फाडून देते.

आमचा ठाण्याहून सकाळच्या गाडीला महिला डब्यात ग्रुप आहे, बारा वर्षं झाली. भाऊबीजेच्या आधीच्या दिवशी हे गाणं होतंच. एकदा मुलुंड ते कांजूर कोपऱ्यातली एक अनोळखी बाई डोळे पुसत होती. भांडुपला तिने पुढचं कडवं उचललं, आम्हालासुद्धा येत नव्हतं ते. त्या दिवसापासून ती आमच्यातच बसते.

नौपाडाकर | ३ डिसेंबर, रात्री ९.३५

धागा क्लबहाउसमधून लोकलमध्ये गेला. जाऊ द्या, चांगला चाललाय.

खरंतर_इतिहास | ३ डिसेंबर, रात्री ११.१०

थोडी माहिती जोडतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा १९५३ च्या चित्रपटांमधून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. त्या वर्षी स्पर्धेत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' होता, त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. यावरून 'श्यामची आई'ची उंची कळावी. मराठीकडे तो मान पुन्हा यायला 'श्वास' यावा लागला, २००४ मध्ये. पन्नास वर्षं गेली मध्ये.

आई झालेल्या वनमाला मूळच्या ग्वाल्हेरकडच्या. १९४१ मध्ये सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्या नायिका होत्या, दागदागिन्यांत मढलेल्या. त्याच बाई नऊवारीत, हाताला भाकरीचं पीठ लागलेल्या. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यदिग्दर्शक झाले, 'थ्री इडियट्स'मध्येही छोट्या भूमिकेत दिसले. प्रबोधनकार ठाकरे आणि वसंत बापट हेही 'श्यामची आई'मध्ये पडद्यावर आहेत, पाहताना ओळखा.

रंगीत_की_कसं | ४ डिसेंबर, सकाळी ७.५५

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी नवा केलाय की. तोच दाखवा ना! चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ.

नौपाडाकर | ४ डिसेंबर, सकाळी ८.०२

नवाही ब्लॅक अँड व्हाइटच आहे, राव.

रंगीत_की_कसं | ४ डिसेंबर, सकाळी ८.०४

हो, पण तो मुद्दाम. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही आहे. जुन्याचा आवाज फार चिरका येतो हो, अर्धे संवाद कळत नाहीत.

खाडीकिनारी | ४ डिसेंबर, सकाळी ११.२५

आवाजाचा मुद्दा खरा आहे, मुलं रंगासाठी उठत नाहीत, ऐकू आलं नाही की उठतात. क्लबहाउसमध्ये पार्टीचे स्पीकर असतात त्यांचा बेस पूर्ण कमी करा, मधला आवाज वाढवा. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून ऐका. पंखे बंद ठेवता आले तर उत्तम, डिसेंबर आहे, चालेल. आणि ज्यांच्याकडे प्रदर्शनाचे हक्क आहेत त्यांना आधी विचारून घ्या. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे पुस्तक २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. सिनेमाचं तसं धरून चालू नका.

मोळीची_नात | ४ डिसेंबर, दुपारी ३.४०

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

पुस्तकात एक प्रसंग आहे. एका महार म्हातारीची मोळी खाली पडते. ती उचलून डोक्यावर द्यायला कुणी पुढे येत नाही, शिवायचं कसं म्हणून. श्यामची आई श्यामला पाठवते. आणि सांगते, ये आणि अंघोळ कर.

माझी पणजी मोळ्या विकायची. शाळेत हा प्रसंग वाचला तेव्हा वर्गात सगळ्यांना श्यामची आई केवढी थोर वाटली. मला त्या अंघोळीपाशी ठेच लागली. मी घरी येऊन आजीला वाचून दाखवलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उचलून तरी दिली. आमच्या आईला तर दिवस मावळेपर्यंत कुणी मिळायचं नाही."

मी सिनेमा दाखवू नका म्हणत नाही. याच श्यामने मोठेपणी, १९४७ मध्ये, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना उघडं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं. आईने सांगितलेल्या अंघोळीच्या पुढे तो मुलगा चालत गेला. मला तो तिथे मोठा वाटतो. मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा एवढं जरूर सांगा, की श्याम आईचं ऐकून थांबला नाही.

मृद्गंध | ४ डिसेंबर, दुपारी ४.१०

मोळीची_नात, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी हे पुस्तक कितीदा वाचलं असेल, आणि ती अंघोळ माझ्या नजरेखालून प्रत्येक वेळी तशीच निघून गेली.

दापोलीकर_ऐरोलीत | ४ डिसेंबर, दुपारी ४.३२

माझ्याही. त्याच गावाकडचा असून.

उपवनचा_काका | ४ डिसेंबर, रात्री १०.१५

कोलशेतच्या ताई, तुम्ही शेवटाचं विचारलंत, त्यावर सांगतो.

मी अकरा वर्षांचा असताना आई गेली. पुढच्याच वर्षी शाळेने आम्हाला हा सिनेमा बघायला नेलं. कुणाला सुचलंच नाही, त्यात कुणाचा दोष नाही. श्याम निघतो आणि पोचायला उशीर होतो. मीही शाळेतून घरी पोचलो होतो तेव्हा उशीरच झाला होता. मी खुर्चीतून उठून बाहेर आलो आणि थिएटरच्या पायऱ्यांवर बसलो. तिथल्या शेंगदाणेवाल्याने काही न विचारता पुडी दिली, पैसे घेतले नाहीत.

पुढे तीस वर्षं मी हा सिनेमा पाहिला नाही. मुलगी झाल्यावर तिच्यासोबत पाहिला, शेवटपर्यंत. मग कळलं की मी पायऱ्यांवर बसून जे चुकवलं होतं तेच मला तेव्हा हवं होतं. श्याम माझ्यासारखाच रडतो, आणि पुढे मोठा होऊन गोष्ट सांगतो. जगतो. एवढं जरी दिसलं असतं मला.

म्हणून शेवट कापू नका. फक्त ज्या घरात अलीकडे कुणी गेलंय त्या घरच्यांशी आधी बोला. दाराजवळ एक मोठं माणूस बसवा, बाहेर येणाऱ्या मुलासाठी. मी यायला तयार आहे, उपवनहून कोलशेत लांब नाही.

कोलशेतची_आई | ५ डिसेंबर, रात्री ११.००

काका, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबावं लागलं. तुम्ही याच.

ठरलं ते सांगते. जुनाच सिनेमा. दोन संध्याकाळी, २४ आणि २५, रोज सव्वा तास. हक्कांची चौकशी सुरू केली आहे. लेकाला काल मी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी "एक मुलगा होता, त्याला पोहायला शिकायचं नव्हतं म्हणून तो माळ्यावर लपला" इथून. त्याने विचारलं, "सापडला?" मी म्हटलं, "२४ तारखेला कळेल." चिडलाय माझ्यावर.

नौपाडाकर | ५ डिसेंबर, रात्री ११.०४

वा! आता तो सोसायटीभर जाहिरात करणार.

कोलशेतची_आई | २६ डिसेंबर, रात्री १०.२०

परवानगी मिळाली, सिनेमा झाला. सगळं सांगते.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस मुलं. सुरुवातीला "कलर कधी येणार?" असा आवाज आला, एका पहिलीतल्या मुलाचा. शाळेच्या आणि पोहण्याच्या प्रसंगांना हसून हसून गोंधळ. पण शिंपटी पडायला लागली तशी शांतता. मी तिथे सिनेमा थांबवला आणि नेरूळच्या बाईंचा प्रश्न विचारला. एक मुलगी म्हणाली, "तिला वाटलं हा कायमच घाबरत राहील." दुसरा म्हणाला, "तरी मारायला नको होतं, ती पण पाण्यात उतरली असती सोबत." घणसोलीचे बाबा, हे तुमच्यासाठी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. क्रिकेटची मॅच होती, काही मुलं गावाला गेली. अठ्ठावीस मात्र शेवटपर्यंत बसली. काका दाराशी होते. एक मुलगी बाहेर आली, तिच्यासोबत ते वीस मिनिटं जिन्यात बसले. काय बोलले ते मी विचारलं नाही. नंतर ती आत येऊन पुढच्या रांगेत बसली. शेवटी मी मोळीची आणि पंढरपूरची गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारलं, "मग त्याची आई रागावली असती का?" मला उत्तर देता आलं नाही.

मोळीची_नात | २६ डिसेंबर, रात्री १०.४५

नसती रागावली असं मला वाटतं. त्या मुलाला माझ्याकडून सांगा.

उपवनचा_काका | २६ डिसेंबर, रात्री ११.०५

शेंगदाण्याच्या दोन पुड्या नेल्या होत्या मी खिशात. एक उपयोगी पडली.

घणसोलीचा_बाबा | २७ डिसेंबर, सकाळी ७.३०

"ती पण पाण्यात उतरली असती सोबत." हे मी मुलीला सांगितलं. या सुट्टीत आम्ही दोघं मिळून पोहायला शिकतोय. मलाही येत नाही.

कोलशेतची_आई | २७ डिसेंबर, सकाळी ९.१०

वा! मनापासून शुभेच्छा.

आमच्याकडचं आजचं सांगायचं राहिलं. सकाळी लेक अंघोळ करून न्हाणीघराच्या दारात उभा राहिला, ओले पाय, आणि मला हाक मारली. "आई, तुझी ओढणी पसर ना खाली. पाय मळतील माझे." तोंडावर हसू मावत नव्हतं.

नौपाडाकर | २७ डिसेंबर, सकाळी ९.१२

पसरलीत ना?

कोलशेतची_आई | २७ डिसेंबर, सकाळी ९.१३

पसरली.